बच्छाव सरांची नक्कल

आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभात शिक्षकांच्या नकला होत, आणि दुसऱ्या दिवशी बच्छाव सर नक्कल करणाऱ्याला शिक्षकखोलीबाहेर बोलावून त्याच्या चुका सांगत. बाकीचे शिक्षक हसून सोडून देत, एखाद-दुसरे आठवडाभर फुगून बसत. सर मात्र पेपर तपासावा तशी नक्कल तपासत. "खडू मी दोन बोटांत धरतो, तू तिनात धरलास. चष्मा वर सारताना मी नाकाला हात लावत नाही, काडीला लावतो. दहापैकी सहा." एका मुलाला म्हणे त्यांनी साडेआठ दिले होते. तो मुलगा अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यावरही ते साडेआठ लोकांना सांगत असे.

शाळा सातपूरला, कामगार वसाहतीच्या कडेला. भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रेस मशीन दिवसभर दणके देत असे आणि सर त्या दणक्यांच्या मधल्या जागेत प्रमेय शिकवत. ते मूळचे सटाण्याकडचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला किंवा आत कुठेतरी काही हललं, की अहिराणी तोंडात येई. उंच, सडपातळ माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. आणि फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास कुदळीसारखा खांद्यावर. तो कंपास ते नुसताच आणत. वर्तुळ हातानंच काढत, एका झटक्यात, आणि मग वर्गाकडे वळून मिशीतल्या मिशीत हसत.

कुणी भांडण घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पक्ष काय? साध्य काय?" प्रमेयात जे दिलेलं असतं तो पक्ष, जे सिद्ध करायचं ते साध्य. याने माझी वही फाडली, हा पक्ष. मग साध्य काय, त्याला मार बसावा की वही मिळावी? मुलगा विचारात पडे आणि भांडण तिथेच निम्मं विझे. दुसरं त्यांचं वाक्य होतं, "काटकोन म्हणजे नव्वदच. एकोणनव्वदला जो काटकोन म्हणेल तो पुढे कशालाही काहीही म्हणेल."

निरोप समारंभातली गंमत बरीचशी त्यांनीच सुरू केलेली. फिशपॉन्ड सगळ्याच शाळांत पडतात. आमच्याकडे त्याशिवाय दहावीचा सातबारा वाचला जाई. जमिनीच्या उताऱ्यासारखाच कागद करायचा आणि वर्गातली मालमत्ता नववीच्या नावावर चढवायची. क्षेत्र, खिडकीजवळचा दीड बाक. इतर हक्क, बाहेर बघण्याचा. बोजा, मागच्या वर्षीचं न सुटलेलं एक प्रमेय. नववीतल्या ज्या मुलाच्या नावे बाक होई तो पुढे येऊन अंगठा उमटवी. बोटाला लागलेली शाई घेऊन ती पोरं दिवसभर मिरवत.

सातबाऱ्यानंतर नकला. आमच्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या.

नक्कल मला लहानपणापासून येते. शेजारच्या काकू, रिक्षावाले, किराणा दुकानदार, कुणालाही मी दोन दिवस पाहिलं की तो माझ्या अंगात उतरे. निरोपाच्या नकला करायच्या असं जूनमध्येच ठरलं होतं, म्हणून जुलैपासून मी सरांना पाहत होते. ते काय शिकवतात याच्याइतकंच ते कसे उभे राहतात, कसे वळतात, कुठे थांबतात ते पाहत होते. आणि त्या वर्षी सर बदलत होते. गणपतीच्या सुमारास त्यांचा उजवा पाय जमिनीला घासू लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर चालताना डावा हात हले, उजवा नुसता लटकलेला असे. तेव्हाच त्यांनी वर्तुळासाठी कंपास वापरायला सुरुवात केली. फळ्यावर ओळ सुरू होताना अक्षर मोठं असे आणि संपेपर्यंत मुंगीएवढं होई. मागच्या बाकावरून कुणी दिसत नाही म्हटलं की ते चष्मा लावा म्हणून तोडत. ते हसेनासे झाले होते. आम्ही म्हणायचो, सर यंदा फार तापट झालेत. मला यात काळजीसारखं काही दिसलं नाही. मला दिसला तो माल. या वर्षी सरांची नक्कल आधीच्या कुणी केलीच नसेल अशी होणार होती.

घरी मी चाळीच्या गच्चीवर सराव करायचे. आई पोट धरून हसे. वडील अंबडला एका कारखान्यात फिटर होते. एकदा पहिल्या पाळीहून येऊन ते डबा हातात धरूनच उभे राहिले, पूर्ण बघितलं आणि म्हणाले, "हा माणूस दुखण्यातला वाटतो." मी म्हटलं, पप्पा, तुम्हाला विनोद कळत नाही.

त्या वर्षी मुख्याध्यापिका नव्या होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून बजावलं होतं, की शिक्षकांचा मान राखून जे करायचं ते करा. कुणाचा अपमान झाला तर हॉल तिकीट पालकांच्या हातात, आणि तेही लेखी माफीनंतर. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी मान डोलावली. अपमान करायचा माझ्या मनातच नव्हता.

समारंभाला मुली साड्या नेसून आल्या होत्या. मी साडीवर सरांसारखा पांढरा शर्ट चढवला, खांद्यावर कंपास टाकला आणि मंचावर आले. पाय घासत चार पावलं टाकली तेव्हाच मागून पहिली शिट्टी आली. वळताना मी एका दमात वळले नाही. सर वळायचे तशी जागच्या जागी सहा-सात छोटी पावलं टाकत वळले. हवेतल्या फळ्यावर लिहिलं, अक्षर लहान लहान करत. मग हात खाली सोडला आणि अंगठा बोटावर फिरवत राहिले, तंबाखू मळावी तसा. ते त्यांचं अगदी अलीकडचं होतं, डिसेंबरातलं. सभागृह कोसळलं. चारशे पोरं बाकांवर हात आपटत होती. मला आयुष्यात तेवढं हसू कधी मिळालं नव्हतं.

मग मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळे शिक्षक हसत होते. मधोमध सर बसले होते आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होता. डोळे माझ्यावर, ओठ मिटलेले, एक रेष हलत नव्हती. माझा अंगठा थांबला. माझं बघून पुढच्या रांगेनं त्यांच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या रांगेनं पाहिलं, आणि हसू पुढून मागे असं रांगेरांगेनं बंद होत गेलं. शेवटी फक्त भिंतीपलीकडचं प्रेस ऐकू येत होतं.

सर उठले. पहिल्या प्रयत्नात त्यांना खुर्चीतून उठता आलं नाही. दुसऱ्यांदा हातांवर जोर देऊन उठले, जागच्या जागी छोटी पावलं टाकत दाराकडे वळले, आणि उजवा हात लटकता ठेवून, पाय घासत सभागृहाच्या मधल्या वाटेनं बाहेर गेले. मी केलं होतं ते आणि आता समोर चाललं होतं ते, चारशे जणांनी पाठोपाठ पाहिलं. कुणीतरी चुकून फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मोठ्या बाईंनी माझ्या हातातून माइक घेतला.

तो शनिवार होता. रविवारचा दिवस मी कसा काढला ते आठवत नाही, आठवतं ते एवढंच, की वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही. सोमवारी ते रजा टाकून माझ्याबरोबर आले. मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांना खुर्ची देऊ केली तरी ते उभेच राहिले, हात पुढे बांधून. त्यांच्या नखांत कारखान्याचं ग्रीस होतं आणि ते एका हाताची बोटं दुसऱ्या हाताखाली लपवत होते. बाई बोलत होत्या. आजारी माणसाची, वयस्कर माणसाची टिंगल करणं हे संस्कार आहेत का, असं त्यांनी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, नाही बाई. माझा माफीचा कागद टेबलावर होता. त्यावरचं माझंच अक्षर मला ओळखू येत नव्हतं.

दार उघडून बच्छाव सर आत आले. मी रडायला लागले.

"तू कसाले रडी ऱ्हायनी?" ते म्हणाले. आवाज इतका खाली की प्रेसच्या दणक्यात अर्धा गेला. मग शहरी मराठीत आले. "गांगुर्डे, मला एक सांग. तो हात तू मनानं केलास का बघून?"

"बघून, सर."

"कधीपासून आहे?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर. अंगठ्याचं डिसेंबरपासून."

"पाय?"

"पाय गणपतीपासून."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, मुलीनं माफी लिहून आणली आहे." सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते माझ्याकडेच बघत होते, तोच दगडी चेहरा.

"परवा मी हसत होतो, ते तुला दिसलं नाही?"

मला वाटलं ही परीक्षा आहे. खोटं बोलले असते तर सुटले असते. पण काटकोन नव्वदचाच, हे त्यांनीच तीन वर्षं घोकून घेतलं होतं. "तुम्ही हसत नव्हता, सर," मी म्हटलं.

"मी हसत होतो," ते म्हणाले. "पोटभर हसत होतो. साडेनऊ देणार होतो तुला. मग सगळे गप्प का झाले ते मला कळेना. सगळे माझ्याकडे का बघतात ते कळेना. म्हणून उठून गेलो." त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा गाल चाचपला, दुसऱ्याचा चाचपावा तसा.

मग सर खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "पुन्हा कर."

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान हलवली. त्या खोलीत, टेबल आणि कपाटाच्या मधल्या जागेत, मी सरांसमोर सर झाले. शनिवारी पंधरा मिनिटांत जे मला दिसलं नव्हतं ते आता दोन मिनिटांत दिसलं, की हे गमतीचं नाही. माझे पाय थरथरत होते आणि त्याने नक्कल आणखीच हुबेहूब होत होती.

"आता जुलैतला मी कर," सर म्हणाले.

जुलैतले सर मला पाठ होते. मी दारापासून खिडकीपर्यंत लांब ढांगा टाकत गेले, दोन्ही हात हलवत, आणि एका झटक्यात वळले. सरांनी डोळे मिटून घेतले.

वडील पहिल्यांदाच आपणहून बोलले. "सर, मशीनचा आवाज बदलला की ऑपरेटरला सगळ्यात शेवटी कळतं. तो रोज ऐकतो ना. शेजारच्या मशीनवाल्याला आधी कळतं."

सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे." मग माफीचा कागद उचलून त्यांनी त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि मोठ्या बाईंना म्हणाले की या मुलीचं हॉल तिकीट मला द्या, मी तिला देतो. बाईंनी दिलं. त्यांचाही आवाज उतरला होता.

त्याच आठवड्यात मी सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांच्याबरोबर गंगापूर रोडवरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. सरांनीच वडिलांची परवानगी मागितली होती. डॉक्टरांनी कधीपासून त्रास आहे विचारलं तेव्हा सर म्हणाले, "पक्ष मी सांगतो, सिद्धता ही देईल." डॉक्टर आधी वैतागले. मग मी तपासणीच्या खोलीत महिन्यामागून महिना चालून दाखवला, जुलै, गणपती, दिवाळी, डिसेंबर. दिवाळीपर्यंत येईस्तोवर त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी सरांची बोटं, मनगटं, पाय तपासले, कागदावर एक वाक्य दहा वेळा लिहून घेतलं. पार्किन्सन, ते म्हणाले. कंपवात. यात चेहराही ताठरतो, माणूस हसतो पण हसू वर दिसत नाही. सुरुवातीला आलात, औषधांनी बरीच वर्षं नीट जातील.

जिन्यात सर पुढे गेले आणि काकू मागे थांबल्या. भिंतीला हात धरून त्या मला म्हणाल्या, "मला दिसत होतं गं. शर्टाची बटणं लावायला त्यांना किती वेळ लागतो ते मला दिसत होतं. एकदा मी बोलले तर ते दोन दिवस जेवले नाहीत. मग मी बघणंच सोडलं." खालून सरांचे पाय घासत उतरल्याचा आवाज येत होता आणि आम्ही दोघी तो ऐकत उभ्या होतो.

औषधं लागू पडली. माझी परीक्षा संपेपर्यंत त्यांचा हात पुन्हा थोडा हलू लागला होता. पण शाळेत बातमी पसरली होती आणि लोक त्यांच्याशी हळू बोलू लागले. त्यांच्या हातातून पुस्तकं काढून घेऊ लागले. पोरं त्यांच्या तासाला दंगा करीनात. ते मला एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "वर्गात इतकी शांतता झाली आहे की प्रेसचा प्रत्येक दणका मोजता येतो."

पुढच्या फेब्रुवारीतला निरोप समारंभ हा सरांचाही शेवटचा होता, मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. आम्हा जुन्या मुलांना बोलावणं होतं. सातबारा झाला, फिशपॉन्ड झाले. तौसीफ नावाच्या मुलानं नकला सुरू केल्या. इंग्रजीच्या बाई, खेळाचे सर, शिपाईमामा, अगदी मोठ्या बाईसुद्धा, आणि त्या हसल्या. मग त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो आत वळला. बच्छाव सरांची नक्कल नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. मलाही हायसं वाटलं आणि त्याची लगेच लाज वाटली.

पहिल्या रांगेत सर उठायला लागले. कुणीतरी हात द्यायला धावलं, त्यांनी तो झिडकारला. ते मंचाच्या पायऱ्यांशी गेले. तिथे त्यांचे पाय अडकले. या दुखण्यात पायरीशी, उंबऱ्याशी पाऊल असं जागीच रुतून बसतं. मिनिटभर तरी ते तसेच उभे राहिले असतील. मग पाय सुटला. वर जाऊन त्यांनी माइक घेतला.

"सगळ्यांचं झालं. माझं काय?" ते म्हणाले. "मी काय मरी गऊ का?"

अहिराणी न येणाऱ्यांनाही ते कळलं. तौसीफ पडद्याजवळ उभा होता, गोरामोरा. सरांनी त्याला जवळ बोलावलं. तो म्हणाला, सर, मी तुमचं बसवलंच नाही. मला जमणार नाही. त्याचे डोळे भरले होते.

"बसवलं नाहीस. बघितलंस ना वर्षभर?"

"बघितलं, सर."

"मग कर. हातासकट कर. हात सोडलास तर दहापैकी चार देईन."

तौसीफ हलेना. सर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि स्वतः चालू लागले. दोन पावलं गेल्यावर त्यानं पाऊल टाकलं. मंचावर दोन बच्छाव सर चालत होते, एक साठीकडे झुकलेले आणि एक पंधरा वर्षांचे, दोघांचे उजवे हात थरथरत होते. कुणाला हसावं कळेना. पहिलं हसू कुठून आलं ते मला आठवतं, माझ्या मागून, नववीच्या रांगेतून, एका मुलीचं. मग सगळे हसले. मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो दगडीच होता. खांदे मात्र गदगदत होते.

खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "ज्याची नक्कल होत नाही त्याचं नाव पटावरून उडालेलं असतं." तौसीफला त्यांनी सात दिले. अंगठा फार जोरात फिरवला म्हणून तीन कापले.

त्यानंतर ते सहा वर्षं होते. मी फिजिओथेरपी शिकले. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेवटच्या दीड वर्षात आवाज गेला, मग चालणं गेलं. गेल्या वर्षी ते गेले, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या.

दहाव्यानंतरच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण त्यांच्या घरी गेलो. सतरंजीवर बसलो होतो. तौसीफ आता पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला आहे, तो तिथून थेट आला होता. कुणीतरी म्हणालं, सर वर्गात कसे शिरायचे रे. तौसीफ उठला आणि शिरून दाखवू लागला. आम्ही तोंडावर हात धरून हसत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. तौसीफ पाऊल अर्धं उचललेल्या अवस्थेतच थांबला. कुणी मान वर करेना.

"तसं नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही पाहिले ते थकलेले पाहिलेत."

त्यांनी पदर कमरेला खोचला, मान ताठ केली आणि लांब ढांगा टाकत भिंतीपर्यंत गेल्या. तिथे झटक्यात वळल्या आणि एक भुवई वर चढवून आमच्याकडे पाहिलं. तसं पाहणारे सर आम्ही कुणीच पाहिले नव्हते.

"हे आमचं लग्न ठरलं तेव्हाचे," त्या म्हणाल्या आणि त्याच ढांगांनी परत निघाल्या. आम्ही पाय आवरून त्यांना वाट करून दिली.